पायरीची तारीख

पटकथेची पहिलीच ओळ होती, ‘पहाट. कृष्णेचा घाट. चिटपाखरू नाही.’ ती वाचून मी भाचीकडं पाहिलं. ती पुण्यात सिनेमा शिकते, म्हणजे तिला घाट ठाऊक आहे तो चित्रातला. दत्ताच्या नृसिंहवाडीत पहाट म्हणजे काकडआरतीची वेळ. तेव्हा चिटपाखरू एखादे दिवशी नसेलही, माणसं हमखास असतात. ओल्या पंचात कुडकुडणारी, तांब्या कुठं ठेवला ते विसरलेली, पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवरच्या बायकोशी गप्पा मारणारी. शिवाय निपाणी-चिकोडीकडून रात्री निघालेली एखादी बस नेमकी त्याच वेळी रिकामी होते आणि घाटावर कानडी सुरू होतं. मी एवढं सगळं सांगितल्यावर तिनं वहीत लिहिलं, ‘गुरुवार, पौर्णिमा टाळणे.’

फिल्म बारा मिनिटांची. एक म्हातारा बायको गेल्यानंतर एकटाच वाडीला येतो, तिला आवडणारी कवठाची बर्फी घेतो, पायरीवर बसून खातो आणि नदीकडं बघतो. संवाद एकही नाही. विद्यार्थ्यांच्या फिल्ममधले म्हातारे हल्ली फार गप्प असतात. माझ्या ओळखीत असा एकही नाही. म्हाताऱ्याच्या कामासाठी आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक तयार झाले, पण आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलेल्या माणसाला स्वतः गप्प बसायला सांगणं सोपं नव्हतं. “मी मनात काय म्हणत असेन, तेवढं तरी सांगा,” हे त्यांनी दिवसभर इतक्या जणांना विचारलं, की शेवटी चहा आणणाऱ्या पोरानं त्यांना उत्तर दिलं आणि सरांना ते पटलं. काय दिलं, ते दोघांनाच माहीत.

आषाढातला बुधवार होता. कॉलेजात फिल्म जमा करायची तारीख तोंडावर आलेली, त्यामुळं पावसाळा आहे वगैरे कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. कॅमेऱ्यापुढं नारळ फुटला, वाटला गेला आणि भाचीनं पहिली आरोळी दिली, “सायलेन्स!” घाटावरचे दोघं-तिघं दचकून जवळ आले. एकानं हलक्या आवाजात मला विचारलं, “कोण गेलं?” संगमावर क्रियाकर्मं होतात, तिथं शांतता मागितली की माणूस दुसरा काय अर्थ लावणार? कुणी गेलेलं नाही, सिनेमा चाललाय, हे कळल्यावर मात्र गर्दी जमली. हिरो कोण, हिरॉईन केव्हा येणार, कुठल्या चॅनेलवर लागणार? कोल्हापूर जिल्ह्यात शूटिंगचं कुणाला अप्रूप नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका चालू होती तेव्हा वसगड्याचा वाडा बघायला सहली निघत. त्यामुळं आमचे सर हेच हिरो आहेत, हे समजल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते सरांनी पाहिलं. पुढच्या शॉटमध्ये त्यांचं दुःख एकदम खरं वाटायला लागलं.

सगळ्यात हाल झाले साउंडच्या मुलाचे. बाकीच्यांना घाट दिसत होता, त्याला तो नुसताच ऐकू येत होता. घंटा, नामजप, कपडे आपटल्याचा आवाज, दुकानातून येणारा ‘ताजे पेढे’चा पुकारा, आणि या सगळ्याखाली पंचगंगा येऊन मिळाल्यावर कृष्णेचा जो भरलेला घोष असतो तो. त्यानं हेडफोन काढून विचारलं, “मामा, ही नदी कधी थांबते?” त्याचा प्रश्न तांत्रिक होता. (सकाळी मी त्या सगळ्यांचा काका होतो, भाचीमुळं दहाच्या सुमारास मामा झालो.) या मुलांचं एक दैवत म्हणजे उमेश कुलकर्णी यांची ‘गिरणी’. तीही विद्यार्थिदशेतलीच फिल्म. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीत एका पोराचं बालपण भरडलं जातं. म्हणजे आवाज हीच तिथली गोष्ट. मी एवढंच म्हणालो, की तुमच्या गुरूनं गिरणी बंद करून शूटिंग केलं नव्हतं. याच दिग्दर्शकाचा २०११ चा ‘देऊळ’ वाडीकरांनी जरा सावरून बसून पाहिला होता. दत्ताचं दर्शन झाल्याच्या बातमीनं एका खेड्याची बाजारपेठ कशी होते, ते त्यात आहे. बघून झाल्यावर आम्ही एकमेकांना सांगितलं, की हे दुसऱ्या कुठल्या तरी गावाबद्दल असणार.

उजेडाची गोष्ट मला अधिक आवडली. ढग येत-जात होते आणि सरांचा चेहरा एका बाजूनं काळा पडत होता. उजेड परतवायला मुलांनी आणलेला थर्माकोलचा ताव वाऱ्यानं पहिल्या तासातच मोडला. कॅमेरावाल्याची नजर मग दोरीवर वाळत घातलेल्या एका लांबरुंद पांढऱ्याशुभ्र धोतरावर गेली. तो हात लावणार तोच वरून आवाज आला, “शिवायचं नाही हं, सोवळ्याचं आहे.” मुलगा शहाणा. त्यानं धोतराला हात लावला नाही, सरांनाच उचलून धोतरासमोर नेऊन बसवलं. धोतर उन्हात वाळत राहिलं आणि सरांच्या गालावर असा मऊ उजेड पडला, की धोतराचे मालकही खाली येऊन मॉनिटरमध्ये बघत उभे राहिले. पुढं ढग आला की तेच आधी म्हणायचे, “थांबा जरा, लाइट गेला.”

या मातीत ही विद्या नवी नाही. कोल्हापुरात बाबुराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव सिनेमाच्या वेडानं झपाटले, तेव्हा शिकवणारी शाळा नव्हती, आणि साधा कॅमेराही नव्हता. कॅमेरा घरीच करायचं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, काम अर्धं राहिलं. मग दामल्यांना हाताशी धरून बाबुरावांनी तो १९१८ मध्ये पुरा केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ हा मूकपट घेतला. १९२० मध्ये तो पुण्यात लागला. उन्हावरच सगळी भिस्त होती, ढग आला की कंपनी बसून. त्याच कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करत शिकले. पुढं दामले-शांताराम मंडळींची ‘प्रभात’ कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हा पुण्यात सिनेमा शिकून पोरं इकडं शूटिंगला येतात, ते लेकीनं माहेरपणाला येण्यासारखंच आहे. ‘आमच्या वेळी साधनं नव्हती’ हे पालुपद मात्र मी लावलं नाही. साधनं असूनही धोतर शोधावं लागतंच, हे माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं.

दुपारी बर्फीचा शॉट. कवठाची बर्फी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो, आधी आंबट लागते, मग गोड, आणि नेमक्या त्या मधल्या क्षणी खाणाऱ्याचा चेहरा क्षणभर गोंधळतो. भाचीला तोच क्षण हवा होता. गोंधळ म्हणजे आठवण, असं काहीसं ती समजावून सांगत होती. पण प्रत्येक टेकला नवी वडी, आणि सरांना साखरेचा त्रास. चार दाणे खाऊन बाकीचं बाजूला ठेवायचं ठरलं. कंटिन्युइटीसाठी एक अर्धी खाल्लेली वडी द्रोणात जपून ठेवली होती, तिचा मोबाइलवर तिन्ही बाजूंनी फोटोही काढला होता. तेवढ्यात दर्शन करून आलेल्या एका आजींनी द्रोण पाहिला, चप्पल बाजूला सारली, वडी उचलली, कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. प्रसादाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? कॅमेरा चालू होता. सगळ्या दिवसात इतकं खरं कुणी काही केलं नव्हतं. फोकस मात्र मागच्या पिंपळावर होता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दिवसभर वाडीत ऊन-सावली चाललेली असली तरी गगनबावड्याला आणि राधानगरीकडं पाऊस लागला होता. आमच्या शिरोळ तालुक्याची हीच गंमत आहे, आपल्या अंगणात थेंब नसतो आणि नदी वर येत असते. सकाळी सरांना ज्या पायरीवर बसवलं होतं तिच्यावर चिकटपट्टीची खूण केली होती. जवळचे शॉट दुपारी घ्यायचे म्हणून सगळे परतले, तर खूण नाही. पट्टी निघाली असेल म्हणून एक मुलगी शोधायला लागली. मग तिच्या लक्षात आलं, की पट्टी जागेवरच आहे, पाणी तिच्यावर आलंय.

भाचीचा चेहरा पडला. घाटावरच्या माणसांना मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांची बोलणी दुसरीच सुरू झाली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं? एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरण अजून भरायचंय, भरलं की सातही दरवाजे आपले आपणच उघडतात. यंदा दक्षिणद्वार केव्हा होईल? देऊळ बांधलंच आहे नदीच्या अगदी काठाला. पाणी चढलं की ते गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि लोक त्या पाण्यात स्नान करायला धावत येतात. आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलते, दुकानांतला माल माळ्यावर जातो. ओसरलं की गाळ काढायचा, धुवायचं, पुन्हा मांडायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरंच सोडावी लागली होती, २०२१ मध्ये परत तेच. तेव्हा एक पायरी बुडाली म्हणून दिग्दर्शिकेचे डोळे का भरले, हे धोतराच्या मालकांना कळेना. “वरच्या पायरीवर बसवा की,” ते म्हणाले, “पाणी आलं की आम्हीपण वरच सरकतो.”

तिला ते पटलं नाही. सकाळच्या शॉटमध्ये सरांच्या पायांखाली चार पायऱ्या दिसतात, दुपारच्या शॉटमध्ये पाणी बोटांना लागणार. प्रेक्षकाला वाटेल, म्हातारा तिथं आठवडाभर बसून आहे. साउंडचा मुलगा म्हणाला, “मग बसू दे की.” यावर त्यांच्यात जी चर्चा पेटली ती फार वरच्या पातळीची होती, मी चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हा सर सगळ्यात वरच्या कोरड्या पायरीवर बसून पोरांना इयत्ता सातवीचा भूगोल सांगत होते आणि त्यांचं बोलणं कॅमेऱ्यात चाललं होतं. पटकथेत एकही संवाद नव्हता, हे मी वर सांगितलंच आहे.

आता पहिल्या पायरीवरचे दोन शॉट राहिलेत. कॉलेजनं मुदत वाढवून दिली, सरांच्या तारखा मोकळ्याच आहेत, पायरीची तारीख तेवढी मिळत नाही. भाची पुण्याहून दर दोन दिवसांनी फोन करते. मामा कसा आहे हे नंतर, आधी पाणी किती. माझ्या अंदाजानं दसरा उजाडेल. सरांनी परवाच निरोप दिलाय, की येतो, पण तपासणीत साखर वाढलेली निघाली आहे, तेव्हा या वेळी बर्फीऐवजी खारे शेंगदाणे ठेवा. भाची म्हणते, कंटिन्युइटी जाईल. सर म्हणतात, मग मी जाईन.