मेलेल्या विषाणूचा टोल

विसरवाडीच्या माणसाला सुरत जवळची, मुंबई परकी. ऊसतोडीला बारडोलीकडे, मजुरीला सुरतेला. सगळी ये-जा नवापूरवरून. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, त्यामुळे सीमा ही तशी सवयीची गोष्ट. कोरोनाने मात्र तिला नाक फुटलं आणि त्यात कांडी घालणं आलं.

1 एप्रिल 2021 पासून गुजरातचं फर्मान: बाहेरून येणाऱ्याने 72 तासांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर आणावा. आता गड्याला कोरोना होऊन गेलेला. ताप गेला, खोकला गेला, दहा दिवस उलटले, सरकारच्याच नियमाने तो मोकळा. तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह! ही चाचणी विषाणूच्या आरएनएचे तुकडे हुडकते. तो जिवंत आहे की मेलाय, याची ती चौकशी करत नाही. मढ्याचे हे अवशेष कित्येक आठवडे, कधी तीन महिनेसुद्धा सापडत राहतात. म्हणजे परवा निगेटिव्ह येऊन काल लागण झालेला पाहुणा बिनदिक्कत पुढे, आणि बरा झालेला मागे.

हे दिल्लीला ठाऊक नव्हतं असं नाही. 4 मे 2021 ला आयसीएमआरने लेखी कळवलं: एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नका, आणि धडधाकट माणसाला राज्याबाहेर जाण्यासाठी लागणारी चाचणी काढून टाकली तरी चालेल. बरोबर आठ दिवसांनी, 12 मे ला, आपल्या मायबाप सरकारचा आदेश निघाला: राज्यात पाऊल टाकायचं तर 48 तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट! म्हणजे सुरतेत बरा झालेल्याला आता घरी यायलाही बंदी. मालट्रकवाल्यांचा रिपोर्ट मात्र पुढे सात दिवस ग्राह्य. ड्रायव्हरच्या नाकात विषाणू आठवडाभर शिरत नसावा.

त्याच वर्षी जानेवारीपासून अमेरिकेला विमानाने जाणाऱ्याला मात्र तीन महिन्यांच्या आतला जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि बरा झाल्याची डॉक्टरची चिठ्ठी चालत होती. न्यू जर्सीला लेकाकडे जायला चिठ्ठी पुरे. काळीपिवळीतून सीमेवरचा बेडकीनाका ओलांडायला ती कुचकामी.

मग बनावट निगेटिव्ह रिपोर्टांचा धंदा फोफावला, राज्यात धरपकडही झाली. त्यात कोणी बरा झालेला गडी सापडला असेल, तर पोलिसांची पंचाईतच: कागद खोटा, मजकूर खरा.