तासगाव ते मिल्डुरा, व्हाया हिंजवडी

आमच्या तासगाव तालुक्यात पोरगं शिकतं ते द्राक्षबागेतून सुटण्यासाठी. तसं तोंडाने कोणी म्हणत नाही. ‘शिकून मोठं व्हावं’ एवढंच म्हणतात. पण मोठं होणं म्हणजे ऑक्टोबर छाटणी, डाऊनी, भुरी, अवकाळी आणि शेवटी पैसे बुडवून पळालेला व्यापारी या सगळ्यापासून निदान दोनशे किलोमीटर लांब जाणं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. या हिशेबाने मी बराच मोठा झालो होतो. हिंजवडीत एसीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होतो. सध्या मी ऑस्ट्रेलियात, मिल्डुरा नावाच्या गावी, द्राक्षं तोडतो.

त्याचं असं झालं. ऑस्ट्रेलियाने भारताशी व्यापार करार करताना आपल्या तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला केला. वय १८ ते ३०, मुदत एक वर्ष, वर्षाला जागा १०००. पहिली सोडत १ ऑक्टोबर २०२४ ला उघडली. नाव टाकायचे २५ डॉलर. पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी नावं टाकली. आमच्या घराण्यात म्हाडाचं घर कधी लागलं नाही, लकी ड्रॉचा कुकर लागला नाही, भिशीसुद्धा शेवटच्या महिन्यात लागते. तिथे माझं नाव आलं. आईने गणपतीला नारळ फोडला. अण्णांनी एकच प्रश्न विचारला : “सुट्टीला चाललायस का कामाला?”

व्हिसाच्या नावातच दोन्ही असल्यामुळे मला नीट उत्तर देता आलं नाही. नियमही तसेच. सुट्टी म्हणावी, तर खात्यात पाच हजार डॉलर दाखवा. काम म्हणावं, तर एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकू नका. माझ्या कंपनीत सहा महिन्यांत नोकरी सोडणाऱ्याला एचआरवाले समुपदेशनाला बसवायचे. इथे ते सरकारी धोरण आहे.

मेलबर्नला उतरलो तेव्हा पहिले काही दिवस मी ऑस्ट्रेलिया पाहिलाच नाही, फक्त गुणाकार केले. कॉफी पाच डॉलर, म्हणजे तीनशे रुपये. केस कापणे, म्हणजे अण्णांच्या बागेतली एक फवारणी. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे. त्या फुकट हद्दीचा शेवटचा स्टॉप आला की पाठीवर बोजे घेतलेली पोरं भराभर उतरतात आणि उरलेली वाट तुडवत जातात. युरोपातल्या सगळ्या भाषांमध्ये तेव्हा एकच वाक्य चाललेलं असतं, ‘चालणं तब्येतीला चांगलं.’

खरा वर्ग भरतो संध्याकाळी, सुपरमार्केटात. मुदत संपत आलेल्या मालावर कमी किमतीची चिठ्ठी चिकटवणारा एक कर्मचारी हातात यंत्र घेऊन निघतो. त्याच्या मागून आम्ही पाच-सहाजण, चार पावलांचं अंतर राखून, आपल्याला दह्याच्या डब्यावरचा मजकूर वाचण्यात मनापासून रस आहे असा चेहरा करून सरकत असतो. चिठ्ठी पडली रे पडली की फ्रान्स, तैवान आणि सांगली जिल्हा एकाच पावाकडे झेपावतात. अशा वेळी मला लग्नाच्या पंगतीतल्या जिलेबीचा पूर्वानुभव फार उपयोगी पडला.

होस्टेलच्या स्वयंपाकघरातला फ्रिज हा स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची. तारीख उलटली की पिशवी बेवारस आणि त्यातला माल समाजाचा. कोपऱ्यात ‘फुकट’ लिहिलेलं फडताळ असतं. गाव सोडून जाणारे आपलं उरलंसुरलं तिथे ठेवतात : अर्धा किलो तांदूळ, तळाला गेलेलं तेल, कुणीतरी एकदाच चाखून परत झाकण लावलेली चटणी. एक जर्मन पोरगा महिनाभर फक्त या फडताळावर जगत होता आणि त्याचा हिशेब वहीत लिहीत होता. मी भारतीय दुकानातून बेसन आणून पिठलं केलं, तेव्हा त्याने लांबूनच विचारलं, “हे तू कधी सोडून जाणार आहेस?”

आता मिल्डुरा. या व्हिसावर दुसरं वर्ष हवं असेल, तर सरकारने ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेल्या कामांपैकी तीन महिन्यांचं काम करावं लागतं. यादी मी मोठ्या आशेने उघडली. तिच्यात पिकं होती, जनावरं होती, मासेमारी होती, झाडं होती. सॉफ्टवेअर नव्हतं. मग मेलबर्नपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या या गावी आलो. तिथे रेल्वे आहे, पण ती माल नेते. माणसांनी बसने यायचं. उतरलो तर समोर द्राक्षबाग. डावीकडे द्राक्षबाग. उजवीकडे, बदल म्हणून, संत्री.

तासगावच्या माणसाला मिल्डुऱ्यात परकं वाटणं अवघड आहे. १८८७ मध्ये चॅफी नावाच्या दोन भावांनी मरी नदीचं पाणी इंजिनांनी उपसून या उजाड माळावर आणलं, आणि गाव द्राक्षावर आणि बेदाण्यावर उभं राहिलं. ऊन तेच, चाळिशीच्या वरचं. माश्या तिप्पट. फरक असलाच तर मजुराच्या हाती लागणाऱ्या पैशांचा. देशाचं किमान वेतन १ जुलै २०२५ ला ताशी २४.९५ डॉलर झालं, आणि आमच्यासारख्या कच्च्या मजुराला सुट्ट्या नाहीत म्हणून वर २५ टक्के. पूर्वी पेटीवर पैसे मिळायचे, आणि हात हळू असला तर दिवसभर राबून होस्टेलचं भाडंही निघायचं नाही. एप्रिल २०२२ पासून पेटीवर घेतलं तरी ताशी किमान मजुरी द्यावीच लागते. सरकार पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर कापतं. शिवाय मालक माझ्या म्हातारपणासाठी निधीत पैसे भरतो. देश सोडताना ते पैसे मागितले की त्यातले ६५ टक्के करात जातात. म्हणजे म्हातारपण माझं, पण त्यातला मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा.

अण्णांना फोनवर मी मजुरी सांगितली : अठराशे रुपयांच्या घरात.

“रोज?”

“तासाला.”

तिकडे बराच वेळ शांतता. आजवर हा आकडा ऐकून मित्रांनी ‘महिन्याला किती साठतात?’ विचारलं होतं, मावशीने ‘तिकडेच राहशील का?’ विचारलं होतं. अण्णा म्हणाले, “मग मालकाला काय उरतं रं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळचे साडेदहा, तिकडे पाच. बेदाण्याच्या शेडवर माल जायचा म्हणून ते उठलेलेच होते. चहाच्या सुट्टीत मी कौतुकाने बाग दाखवायला लागलो, तर म्हणाले, “आभाळ काय दावतोस? खाली घे. ओलांडा दाव.” मी ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, दाखवला. “पानं लई ठेवल्यात. घड किती ठेवलेत वेलीला? मोज.” मी मोजले. मग त्यांनी माझ्या हातातली कात्री बघितली, घड कसा धरतो ते बघितलं, मण्यांवरची पांढुरकी झाक बोटांनी पुसतोय म्हणून शिव्या घातल्या. इतक्या महिन्यांत जे मुकादमाने शिकवलं नव्हतं, ते सुमारे नऊ हजार किलोमीटरवरून पाच मिनिटांत झालं.

शेजारच्या तुकड्यात बेदाण्याची बाग होती. काड्या कापून, वर डिपिंगचं मिश्रण फवारून, घड वेलीवरच वाळत ठेवले होते. नंतर यंत्र येऊन झोडून नेणार. अण्णा मोबाइलमध्ये घुसायचे बाकी राहिले. “झाडावरच बेदाणा? शेड नाही, जाळी नाही?” आपल्याकडचं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं तंत्र मुळात ऑस्ट्रेलियातूनच आलेलं, हे मी त्यांना सांगितलं. “आलं तर आलं,” ते म्हणाले, “पर शेडचं भाडं वाचतं, हे का न्हाई आलं बरोबर?” याचं उत्तर कोणत्याच व्यापार करारात नसावं.

फोन ठेवताना त्यांनी सहज सांगितलं की यंदा तोडणीला माणसं मिळत नाहीत. पोरं सगळी पुण्याला. फेब्रुवारीत तासगावात द्राक्षं तोडतात आणि फेब्रुवारीतच मिल्डुऱ्यातही तोडतात, एवढं हवामानाने नेमकं जुळवून आणलंय. मिल्डुऱ्यातही माणसं मिळत नाहीतच. म्हणून तर आमच्यासाठी व्हिसा काढावे लागतात. अण्णांनाही मी सुचवलं, तुम्ही ‘वर्क अँड हॉलिडे’ काढा. ते म्हणाले, “वर्क हाय की. तेवढं हॉलिडे पाठव.”

माझं लग्नाचं बघणं मात्र या काळात जोरात सुरू आहे. आमच्या भागात मुलीकडच्यांची अट सर्वांना पाठ असते : घरची शेती हवी, पण नवरा शेतकरी नको. परवा मामांनी मिरजेचं एक स्थळ आणलं. पाहुण्यांनी आधी बाग किती विचारलं. तीन एकर म्हटल्यावर समाधानाने मान हलवली. मग मुलगा काय करतो म्हणून विचारलं.

“ऑस्ट्रेलियात असतो,” मामा म्हणाले, “द्राक्षाच्या बागेत.”

पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “म्हणजे शेतीच म्हणा की.”

“शेतीच, पण स्वतःची नव्हे. दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातो.”

“मग काय हरकत नाही,” पाहुणे म्हणाले आणि बशी पुन्हा उचलली. “पत्रिका पाठवा.”