फोनचा उतारा

आमच्या बेलापूरच्या नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे. पाटीवर नाव आमचं, गर्दी त्यांची. तेव्हा ब्रँड म्हणजे काय, हे आम्हाला अमेरिकेनं शिकवायची गरज नव्हती.

पुतण्यानं तरीही शिकवलं, आयफोन घेऊन. २०२४ च्या सप्टेंबरात आयफोन १६ आला, किंमत ७९,९०० रुपये. त्याच हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, होती टनाला ३,४०० रुपये. तात्यांनी पारावर बसून हिशेब मांडला : साडेतेवीस टन ऊस, तोही तोडणी-वाहतूक न कापता. एवढ्या उसाची साखर होते चोवीसशे किलो. आणि फोन भरतो १७० ग्रॅम.

"काटा मारलाय," तात्या म्हणाले.

"तात्या, वजन नसतं बघायचं. डिझाइन बघा."

बघायला घेतलं, तर वर आठवडे बाजारातलं दीडशे रुपयांचं काळं रबरी कव्हर. काचेचा खरा रंग शेवटचा पाहिला तो दुकानदारानं.

अँड्रॉइडवाले लगेच खुशीत. त्यांच्याकडे जुना दाखला आहे : २०१४ साली गुगलनं मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसकडून अँड्रॉइड वन काढला, किंमत ६,३९९ पासून. आजच्या उसाच्या भावानं दोन टनसुद्धा नाही. पण स्वस्ताईचा हिशेब कोण मांडणार? २०२५ पर्यंत माझ्या स्वस्त फोनवर नातीचा फोटो उघडायला जावं, तर आधी रमीची जाहिरात यायची, मग कर्जाची, आणि मग नात. रमी आणि कर्ज, क्रम तरी बरोबर लावला होता.

२०२० पासून आयफोनच्या खोक्यात चार्जर नसतो. ट्रॉली घ्या, चाकं निराळी! अँड्रॉइडवाले हसले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या महागड्या फोनांचीही चाकं गेली. पुढे युरोपच्या कायद्यापायी २०२३ च्या आयफोन १५ ला टाइप-सी आलं. त्यामुळे पुतण्या माझाच चार्जर वापरतो आणि माझ्याच फोनला नावं ठेवतो.

आडसाली ऊस अठरा महिन्यांत गाळपाला जातो. पुतण्याचे हप्ते चोवीस. तोवर नवा आयफोन आलेला असेल, हे त्यानंच कौतुकानं सांगितलं. तात्यांनी फोन उलटासुलटा करून पाहिला, कव्हरवर नख मारलं आणि विचारलं, "खोडवा निघतो का ह्याला?"