छत्री, वाल आणि आठ चौकटी

“काल शेवटी काय झालं गं?” मेंदीच्या कुंपणापलीकडून काकूंनी विचारलं.

मला वाटलं, कोपऱ्यावरच्या भावाभावांच्या भांडणाचं विचारतायत. पण त्यांच्या हातात मोड आलेल्या वालाचं भगुणं होतं, म्हणजे विषय टीव्हीचा. रात्री नवाची चर्चा लावायची आणि वाल सोलत बसायचं हा त्यांचा नेम. सकाळी निम्मे वाल सालीसकट शिल्लक, म्हणजे केबल मधेच गेली.

“वलवणकडे फांदी पडली म्हणे वायरवर. तुमचं?”

“आमची छत्री सव्वानवापर्यंत बंदच होती. मग पाऊस जरा थांबला.”

डिशला आमच्याकडे छत्री म्हणतात. पाऊस आला की मिटणारी जगातली ही एकमेव छत्री असावी. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी बारीक, आणि आमच्या पावसाचे थेंब जाड. वाटेतच पिऊन टाकतात. लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटर पाऊस सहज होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्हा दोघींची मिळून एकच चर्चा होते. पहिला अर्धा भाग त्यांचा, दुसरा माझा. सकाळी उघडीप मिळाली की कुंपणावर सांधायची.

“त्या चौकड्याच्या शर्टवाल्याला बोलू दिलं का शेवटी?”

“तीस सेकंद दिले. वीस सेकंद तो ‘मला बोलू द्या’ म्हणत होता.”

“आणि मागे पुस्तकांचं कपाट असलेला?”

“तो विश्लेषक. त्याचा आवाजच येत नव्हता. ओठ हलत होते.”

“मला तर सगळ्यांचेच ओठ दिसतात,” काकू म्हणाल्या. त्या आवाज बंद करून बघतात. आधी मला हा चक्रमपणा वाटायचा. पण त्यांचं म्हणणं, आवाज घालवला की खरा चिडलेला कोण ते कळतं. बाकीचे बोट नाचवतात आणि दुसऱ्याची पाळी आली की खाली मोबाईल बघतात. एकदा एका प्रवक्त्याच्या कानातलं बटण निसटलं, तेव्हा दोन मिनिटं तो बिचारा घरच्या माणसासारखा दिसला, असं त्या अजून सांगतात.

“पण काकू, विषय काय होता कालचा?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. पट्टी दोघींनीही वाचली नव्हती.

“जाऊ दे. मावळचं नाव आलं का?”

ही त्यांची खरी चौकशी. आवाज बंद असला तरी खालच्या पट्टीवर ‘मावळ’ दिसलं की त्यांचा हात भगुण्यातच थांबतो. माहेर पवनेकाठचं. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघं गेले, त्यात एक बाई. मराठीत चोवीस तास बातम्या सुरू होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. रात्री तीच तीच चित्रं फिरत होती आणि काकू त्यांत ओळखीचं कुणी दिसतंय का बघत होत्या. आवाज बंद करायची सवय त्या रात्रीची आहे, हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

“त्यानंतर आपलं नाव कधी निघालं सांगू? लखीमपूरला शेतकरी गाडीखाली चिरडले तेव्हा.” ऑक्टोबर २०२१. तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीनं ११ तारखेला महाराष्ट्र बंद पुकारला, आणि भाजपनं विचारलं, मावळचं काय? “म्हणजे एकानं लखीमपूर मारायचं, दुसऱ्यानं मावळ मारायचं. बऊरच्या त्या घरांत आज चूल कशी पेटते, हे कुणी विचारलं का? पडद्यावर आठ चौकटी होत्या. नववी एक द्यायची होती तिकडच्या माणसाला.”

मी विषय बदलला. काकूंच्या आवाजात असं पाणी आलं की मला सुचत नाही.

“तळेगावचं आलं होतं की, फॉक्सकॉनचं.”

“ते सोड! भाच्यानं चार खोल्या काढायला घेतल्या होत्या, कामगारांना भाड्यानं द्यायला.” सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉननं १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प गुजरातला न्यायचा करार केला, आणि तो आपल्या हातून कुणाच्या काळात निसटला यावर रात्रीमागून रात्री चर्चा झाल्या. “मग पुढच्या जुलैत त्या दोघांचीच सोयरीक मोडली. तेव्हा तळेगावचं कुणी नाव काढलेलं मला तरी आठवत नाही. भाच्याच्या खोल्या मात्र जोत्यापर्यंत येऊन राहिल्या.”

एक सोललेली वालाची साल मेंदीवर पडली.

“मजा आली ती २०२४ च्या विधानसभेला,” काकू हसल्या. “सूत्रसंचालकाला चौकटी मांडता येईनात!” सुनील शेळके महायुतीचे अधिकृत उमेदवार. समोर बापू भेगडे अपक्ष. त्यांच्यामागे महाविकास आघाडी, आणि महायुतीतल्याच भाजपची इथली मंडळीसुद्धा. भाजपच्या प्रवक्त्याला डावीकडे बसवायचं की उजवीकडे? टीव्हीवाल्यांनी त्याला ‘मावळ पॅटर्न’ नाव देऊन हात झटकले. शेळके लाखाच्या वर मतांनी आले. आपल्याकडे कोण कुणाचा ते पक्षावरून नाही, सोयऱ्यांवरून, भावकीवरून आणि कुणाच्या लग्नाला कोण आलं नाही यावरून ठरतं. हे मुंबईत बसलेल्या त्या सूत्रसंचालकाला कुणी सांगावं?

“लोकसभेचं तर विचारूच नका,” मी म्हटलं. “२००८ मध्ये मतदारसंघ आखला तो घाट उतरून पनवेल, कर्जत, उरणपर्यंत. नावाला मावळ, आणि त्यात समुद्र.”

“समुद्र?”

“घारापुरीची लेणी आपल्याच मतदारसंघात, काकू. बोटीतून मतपेट्या.”

“यंत्रं गं, यंत्रं,” त्यांनी दुरुस्त केलं, पण त्या खूश झाल्या. “म्हणजे एलिफंटाची माकडं आपलीच.” आणि हे माकडांवरून सुचलं की चर्चेवरून, ते कळू न देता त्या मागे वळल्या.

राजमाचीच्या अंगानं ढग उतरले होते. पहिला टपोरा थेंब भगुण्यात पडला. काकूंनी घाईनं उरलेले न सोललेले वाल कुंपणावरून माझ्या ओच्यात ओतले.

“हे काय?”

“कालचा तुझा अर्धा भाग. तू नुसती बघत बसलीस ना? सोल आता. आणि आज पट्टी वाच.”