कोणते देशमुख?

दर्यापूरच्या कापूस बाजारात मुनिमाला कुणी काही लिहून देत नाही. त्यानं गादीच्या कडेला बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. शेठजी खेकसले की नोंद चुकली, नाही खेकसले की बरोबर. अशा शिक्षणावर इथल्या रुई-सरकीचे हिशोब पिढ्यान्‌पिढ्या जुळत आले.

आता गादीवर एआय एजंट बसवायचा म्हणतात. त्याच्यावर खेकसून उपयोग नाही, त्याला लिहून द्यावं लागतं. 2024 च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक कंपनीनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला, त्यात याची रीत घालून दिली आहे. हिशोबाच्या प्रत्येक टूलचं नाव, ते काय करतं, त्याला कोणती माहिती लागते, त्यातली सक्तीची कोणती आणि ऐच्छिक कोणती, हे सगळं साध्या भाषेत मांडायचं. आतला प्रोग्राम एजंटला दिसत नाही. ही चार वाक्यं वाचून तो हत्यार उचलतो. म्हणजे ज्या मुनिमाला जन्मात कुणी चिठ्ठी दिली नाही, त्यालाच आता चिठ्ठ्या लिहायला बसवलंय.

आणि तिथंच पंचाईत सुरू होते. टॅली या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये व्हाउचर नाहीसं करायला ऑल्ट-डी आणि रद्द करायला ऑल्ट-एक्स. पहिल्यात नोंद जाते. दुसऱ्यात रक्कम जाते, पण बिलाचा नंबर जागेवर राहतो. जीएसटीत बिलांचे नंबर ओळीनं लागतात, त्यामुळे हा फरक भलताच महागाचा. मुनिमाच्या बोटांना तो पाठ आहे, तोंडाला नाही. त्यानं चिठ्ठीत लिहिलं, ‘बिल रद्द करते.’ संपलं. ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करायला चोवीसच तास मिळतात आणि त्यानंतर क्रेडिट नोटच काढावी लागते, हे लिहायचं राहिलं. एजंट चौथ्या दिवशी आनंदानं घरच्या वहीतलं बिल रद्द करील. पोर्टलवर ते जिवंतच.

या प्रोटोकॉलमधली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. टूल नोंदी बदलणारं असेल आणि त्यानं काही बिघडतं की नाही हे लिहिलंच नसेल, तर ते विध्वंसक धरावं. सरकारी परिपत्रकांनाही हा नियम लावायला हरकत नाही.

खरेदीचं टूल तर त्याहून वस्ताद. नोंदणीकृत व्यापाऱ्यानं शेतकऱ्याकडून कापूस घेतला की जीएसटी व्यापाऱ्यानंच भरायचा, 15 नोव्हेंबर 2017 पासून तसा नियम आहे. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला तर कर त्याच्या बिलात येतो. तेव्हा टूलनं आधी विचारायला हवं, समोरचा शेतकरी की व्यापारी? आमच्या तालुक्यात एकच माणूस सकाळी शेतकरी आणि दुपारी व्यापारी असतो.

शिवाय त्याचं आडनाव देशमुख असतं.

बंगळूरच्या गोयंका बापलेकांनी 1986 मध्ये टॅलीची कंपनी काढली. वडील गिरण्यांना माल पुरवायचे, त्यांच्या हिशोबासाठी मुलानं प्रोग्राम लिहिला. खात्याला आकडी कोड नको, नाव टाका आणि कामाला लागा, हे त्याचं मोठं कौतुक. त्या मोकळिकीचं आम्ही सोनं केलं. देशमुख, देशमुख साहेब, देशमुख (जुने), देशमुख (नवीन), देशमुख बनोसा, आणि एक नुसतंच ‘दे. मु.’. एका खात्याला दुसरं नाव जोडायची सोय टॅलीत आहे, ती रिकामी. एजंटला हे कसं सांगायचं असं विचारलं, तर मुनीमजी म्हणाले, ‘‘कोणते देशमुख हे बी लिहा लागते काय? गाडी पाह्यली का समजते!’’

एजंटला गाडी दिसत नाही. दोन नावं सारखी निघाली तर नोंद करू नको, थांब आणि विचार, हे वाक्य त्याच्या चिठ्ठीत नसेल तर तो एक देशमुख निवडील आणि छातीठोकपणे पैसे टाकील. मग खरा देशमुख दुकानात येईल. तो काय बोलेल ते मात्र साध्या भाषेत असेल.

विक्री, जावक, हमाली, तोलाई यांच्या चिठ्ठ्या कशाबशा झाल्या. चुकाऱ्यापाशी काम अडलं. वऱ्हाडात या टूलचा इतिहास दांडगा. 1972 मध्ये एकाधिकार खरेदी आली, कापूस एकदा द्यायचा आणि पैसे हप्त्याहप्त्यानं घ्यायचे, हे सरकारनंच शिकवलं. पुढच्या तारखेचा चेक हा त्याच शाळेचा विद्यार्थी. तर टूलमध्ये पार्टीचं नाव सक्तीचं, रक्कम सक्तीची आणि पैसे देण्याची तारीखही सक्तीची, असं मुनीमजींना चिठ्ठ्या लिहायला मदत करणाऱ्या पोरानं टाकलं होतं.

शेठजींनी चष्मा चढवला, सगळा कागद शांतपणे वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली.

‘‘तारीख ऐच्छिक ठेव.’’