थांबेकर

थांबेकरांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं नाव वेगळं असेल, गाडी वेगळी असेल. पण रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून, पुढचं चाक काढून, त्या पोकळीत डोकं घालून बसलेला जो गृहस्थ दिसतो, तो हाच. कोथरूडच्या या थांबेकरांचंही खरं आडनाव थांबेकर नाही. बाकीचे आपली गाडी किती पळते ते सांगतात, हे ती कशी थांबते ते सांगतात, म्हणून सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव. एकदा ते मेन्टेनन्सच्या पावतीवरही छापून आलं. त्यांनी हरकत घेतली नाही.

शेजारच्या बँकवाल्यांची त्यांच्याशी ओळख झाली ती दुधाची पिशवी हातात असताना.

"तुमच्या गाडीचं फ्लुइड कधी बदललंत?"

"कसलं?"

"ब्रेकचं."

"हां, ब्रेक ऑइल होय! ते गॅरेजवाला बघतो."

थांबेकरांनी क्षणभर डोळे मिटले. "ऑइल नव्हे. फ्लुइड. ऑइल घातलं तर आतली रबरं फुगून बसतील." मग त्यांनी खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, बँकवाल्यांना बॉनेट उघडायला लावलं आणि ते पेन छोट्या टाकीत बुडवलं. लाल दिवा लागला. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात थांबेकर म्हणाले, "सादळलंय."

हा त्यांचा लाडका शब्द. पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं की चिवडा सादळतो, तसं ब्रेकचं फ्लुइड हवेतली ओल पिऊन सादळतं. ते तेल नाही, ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन आहे, आणि त्याची पाण्याशी फार सलगी. डॉट ४ प्रतीचं नवं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरतो. मंडईत जाऊन येणाऱ्याला दोन्ही आकडे सारखेच. पण ब्रेक तापत गेले आणि आतलं फ्लुइड उकळलं, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय पेडल दाबतो, पेडल बुडबुडे दाबतं आणि चाकापर्यंत निरोप पोचतच नाही.

इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पण थांबेकरांनी हा शब्द ब्रेकच्या टाकीतून बाहेर काढला. सोसायटीचे सेक्रेटरी सादळलेले, विरोधी पक्ष सादळलेला, संघाची मधली फळी सादळलेली. एका लग्नात मुलाकडच्यांचा उत्साह पाहून ते पंगतीतच म्हणाले, "दोन वर्षांत सादळेल." फ्लुइडही साधारण दोन वर्षांनी बदलतात, त्यामुळे अंदाज शास्त्रीय होता, पण जिलबी वाढणाऱ्याचा हात थबकला. "आज चिवडा सादळलाय हो," असं घरात कोणी म्हणालं, तर मात्र ते लक्ष देत नाहीत. चिवड्याचा उत्कलनबिंदू नसतो.

ही विद्या त्यांना मिळाली ती चेन्नईत. त्यांच्याकडे तीन दारांची फोक्सवॅगन पोलो जीटीआय आहे. २०१६ च्या अखेरीस ती भारतात आली, तेव्हा इथे फक्त ९९ गाड्या विकायला होत्या. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १९२ अश्वशक्ती, आणि मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून शिरावं लागतं. सासूबाई त्या गाडीत एकदाच बसल्या. उतरताना त्यांनी जावयाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर अजून सादळलेली नाही.

गाडी सेकंडहँड घेतल्यावर थांबेकरांनी पहिली सुधारणा केली ती कॅलिपरना लाल रंग देण्याची. दुसरी, भोकं पाडलेल्या डिस्क बसवण्याची. त्या चाकाच्या जाळीतून दिसायला झकास दिसतात आणि सततच्या तापण्यानं नेमक्या त्या भोकांपासूनच तडकू शकतात, हे पुढे कळायचं होतं. मग एका ट्रॅक डेला नाव घालून ते निघाले. पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत तोच रस्ता चेन्नईच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टईला नेतो. बाराशेक किलोमीटर जायचं, ते कशासाठी, तर ३.७ किलोमीटरच्या वर्तुळात फिरायला.

तिसऱ्या फेरीपर्यंत स्वर्ग होता. चौथ्या फेरीत, सरळ पट्टीच्या शेवटी, पेडल जमिनीला टेकलं. गाडी वळणाऐवजी मातीत गेली, धुरळ्यात हळूहळू थांबली आणि तिला काही झालं नाही. जे झालं ते थांबेकरांना झालं. लाल कॅलिपर जागेवर होते, भोकाभोकांच्या डिस्क जागेवर होत्या, दगा दिला तो काहीशे रुपयांच्या बाटलीनं. आधीच्या मालकानं ते फ्लुइड कधी बदललं होतं, कुणास ठाऊक.

त्यानंतर थांबेकर थांबले नाहीत. आधी ३१२ अंशांपर्यंत न उकळणारं रेसिंगचं फ्लुइड. मग रबरी नळ्या दाबाखाली किंचित फुगतात म्हणून पोलादी जाळीच्या नळ्या. मग ट्रॅकचे पॅड. मग मोठ्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर. सायलेन्सर बदलणाऱ्याला घरी खोटं बोलावं लागतं. ब्रेक बदलणारा ताठ मानेनं सांगतो, "सेफ्टीचं काम आहे." सेफ्टीला कोण नाही म्हणणार? या एका शब्दावर दोन-अडीच लाख रुपये घराबाहेर गेले, आणि त्यांच्या सौभाग्यवतींना त्याच महिन्यात समजलं, की स्वयंपाकघरातला ओटा सेफ्टीत मोडत नाही.

"मग आता गाडी लवकर थांबते?" बँकवाल्यांनी विचारलं.

थांबेकर खोटं बोलत नाहीत. गाडीला थांबवतात टायर. चाक जाम होऊन एबीएस चालू होण्याइतका जोर कंपनीच्या ब्रेकमध्येही असतोच. मोठ्या ब्रेकचं काम उष्णता पोटात घालण्याचं आणि वाऱ्यावर सोडण्याचं. "पहिल्यांदा तेवढ्याच अंतरात थांबते," ते म्हणाले. "पण विसाव्यांदाही तेवढ्याच अंतरात थांबते."

"लागोपाठ वीस वेळा कोण थांबतं?"

"कर्वे रस्त्यावर," घरातून सौभाग्यवती म्हणाल्या.

नवे पॅड नुसते लावून चालत नाहीत. डिस्कवर त्यांचा पातळ थर बसावा लागतो. त्यासाठी गाडी पूर्ण न थांबवता वेगावरून खाली आणायची, पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. तापल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथेच पॅडचा ठसा उमटतो, पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. म्हणून थांबेकर पहाटे पाचला चांदणी चौकाच्या पुढे हा विधी करत होते. गस्तीच्या पोलिसांनी अडवलं. "काय चाललंय?" "पॅड बसवतोय," थांबेकर म्हणाले. हवालदारानं दोन्ही बाजूंनी गाडी निरखली. "बसवा की. पण गाडी कडेला लावून बसवा."

ट्रॅकचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि थंड असताना किंचाळतात. त्यामुळे थांबेकर घरी आले हे तिसऱ्या मजल्यावर टीव्हीच्या वरताण कळतं. वॉचमननं तर सकाळचं गेट आधीच सताड उघडून, खुर्चीसकट बाजूला होण्याची शिस्त लावून घेतली आहे. सोसायटीला वाटतं, तो सलाम ठोकतो. गाडी खूप पळवून आणली असेल तर ते हँडब्रेक ओढत नाहीत, तापलेले पॅड चिकटतील म्हणून. चाकाखाली दगड लावतात. एका लग्नाच्या हॉलबाहेर, सूट घालून दगड शोधणारा पाहुणा वधूपक्षानं पाहिलेला आहे.

उष्णता हा त्यांचा कीर्तनाचा विषय. तेराशे किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली, की तेवढ्या उष्णतेवर दीड लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे दहा कपांचं आधण. २०० वरून थांबवली तर दुप्पट नव्हे, चौपट, कारण वेगाचा वर्ग होतो. हे त्यांनी सत्यनारायणाला जमलेल्यांना सांगितलं, आणि तिथून ते १९५३ सालच्या ल मॉंच्या शर्यतीवर घसरले, जिथे जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेक लावून उतरली आणि चोवीस तासांची शर्यत जिंकून गेली. ड्रम ब्रेकवाल्यांना तिच्याआधी पाय उचलावा लागत होता. "चोवीस तास! म्हणजे किती आधणं झाली असतील?" त्यांनी समोरच्या आजोबांना विचारलं. आजोबांना मधुमेह होता. ते म्हणाले, बिनसाखरेचा चालेल.

पोराटोरांच्या केटीएमसमोरही ते गुडघे टेकतात. कॅलिपरवर 'बायब्रे' लिहिलेलं दाखवतात आणि विचारतात, "म्हणजे काय?" कोणाला येत नाही. "बाय ब्रेम्बो! इटलीतलं बर्गामो कुठं, आपलं चाकण कुठं!" चाकणचं नाव घेताना त्यांचा आवाज किंचित भरून येतो.

एकदाच त्यांना उत्तर मिळालं. खंबाटकीच्या अलीकडे धाब्यावर ते एका ट्रकवाल्याला झापत होते, की डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नकोस. गिअरमध्ये असली तर इंजिनही तिला धरतं, नाहीतर सगळा भार ब्रेकवर. ट्रकवाल्यानं चहाचा घोट घेतला. "आमचे हवेचे ब्रेक आहेत, साहेब. त्यात ते तुमचं सादळणारं काही नसतं." थांबेकर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "हवेच्या टाकीतलं पाणी सोडलंस आज?" ट्रकवाल्यानं ग्लास खाली ठेवला. हवेतली ओल त्या टाकीतही साचते, ती रोज सोडायची असते. तो उठून गाडीखाली गेला. बराच वेळ फुसफुस ऐकू येत होती.

हे सारं हसण्यावारी न्यायला बरं आहे. पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीनं एका रात्रीत कितीतरी वाहनं चेपली. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये सगळे ड्रायव्हरला, सरकारला, रस्त्याच्या आखणीला शिव्या देत होते. थांबेकर एकटेच काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते पेन घेऊन खाली उतरले आणि न विचारता एकेका गाडीसमोर उभे राहिले.

तेव्हापासून गणपतीआधीच्या रविवारी ही तपासणी असते. कोकणात जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी लागते: 'ठीक' किंवा 'सादळलंय'. बँकवाल्यांना सलग दोन वर्षं दुसरी चिठ्ठी मिळाली. तिसऱ्या वर्षी केवळ कटकट नको म्हणून त्यांनी गॅरेज गाठलं. जुनं फ्लुइड निघालं ते काळ्या चहासारखं. मग मुलाबाळांसकट ते वरंधा घाट उतरले, आणि काहीच झालं नाही. काही झालं असतं तर सांगायला गोष्ट तरी मिळाली असती. परतल्यावर त्यांनी थांबेकरांच्या दारावर फणसाची साटं ठेवली आणि बेल न वाजवता निघून आले.

दरवर्षी जुलैत थांबेकर स्वतःच्या ब्रेकची एअर काढतात. गाडी आता वर्षाकाठी एखाद्या वेळी चेन्नईला जाते, कधी तेही नाही. पण उभ्या गाडीचंही फ्लुइड सादळतं. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी निपल उघडायचं. निपल बंद होईपर्यंत पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा उलटी आत ओढली जाते. दहा वर्षांचा असल्यापासून मुलगा आत बसायचा, सीटच्या टोकावर, पाय जेमतेम पोचत. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड." सगळ्या विंगला हे पाठ होतं.

मुलगा गेल्या वर्षी जर्मनीत आखेनला शिकायला गेला. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा बाबांनी आधी नकाशा उघडला आणि न्युर्बुर्गरिंगचा रेस ट्रॅक तिथून शंभरेक किलोमीटरवर आहे, हे सगळ्यांना सांगितलं. मुलगा अजून तिकडे फिरकलेला नाही. तो सायकलनं कॉलेजला जातो. एकट्यानं एअर काढायचा पंप मिळतो. थांबेकरांनी आणलाही होता. तो पॅकिंगमध्येच आहे. पेडल बरोबर लागत नाही, म्हणतात.

म्हणून या जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, पोलोमध्ये बँकवाले बसले होते.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

बाहेर निपल उघडलं. पेडल संथपणे खाली गेलं. आणि थांबेकरांचा फोन वाजला.

"हां, बोल," चाकामागून आवाज आला. "सायकल? ब्रेक करून घेतलेस? काय घातलं आत? … ऑइल? अरे, ऑइल नव्हे... खरंच ऑइल? मिनरल ऑइल?" बराच वेळ पत्र्यावरचा पाऊसच ऐकू येत होता. "सादळत नाही म्हणतो? बरं. बरं आहे मग. … नाही रे, काही नाही, आपलं नेहमीचंच. हो, पाऊस आहे. तू जेवलास का?"

बँकवाल्यांच्या पोटरीत गोळा येऊ लागला होता.

"थांबेकर, सोडू का?"

"नाही, नाही! धरा!"

"धरलंय," बँकवाले म्हणाले.