आमची मंडळी

जुन्या वळणाचा माणूस ‘आमची मंडळी’ म्हणाला की बायकोबद्दल बोलतोय असं समजावं. आम्हा ख्रिस्ती लोकांत मात्र मंडळी म्हणजे चर्चचा गोतावळा. २०२२च्या नोव्हेंबरात बँकेच्या बदलीवर मी तेव्हाच्या उस्मानाबादला आलो, तेव्हा या दोन्ही मंडळींना थोडं वळण लावावं असा माझा विचार होता. घरच्या मंडळीने तो ट्रकमधून सामान उतरायच्या आतच हाणून पाडला. राहिली दुसरी.

माझी बाजू आधी सांगतो. मी पुण्याचा, गुरुवार पेठेतल्या पंचहौदातला. तिथलं पवित्र नाम देवालय म्हणजे अँग्लिकनांतलं सोवळं. धूप, झगे, मेणबत्त्या, बुरुजात आठ घंटा. कुठल्या रविवारी वेदीवर कुठल्या रंगाचं कापड हे ठरलेलं: आगमनकाळाला जांभळं, नाताळ-ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला लाल, बाकी बराच काळ हिरवं. आमच्या घरी कालनिर्णय भिंतीवर होतं ते फक्त दुधाचे खाडे लिहायला.

इथे सतरा घरं, पत्र्याचं छप्पर आणि घंटेच्या जागी लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो बार्शी लाइट रेल्वेचा आहे असं खजिनदार काका अभिमानाने सांगायचे. गाडी बंद झाली, पण रूळ अजून लोकांना वेळेवर आणतो, हा त्यांचा दावा. (आणत नाही. मी वर्षभर नोंद ठेवली आहे.)

मंडळी तरी किती प्रकारची! कुणाचे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनचे, कुणाची आजी मेथडिस्ट, कुणी जालन्याकडून आलेलं, कुणी सोलापूरहून. खानदानी अँग्लिकन मी एकटा. पहिल्याच सभेत मी उभा राहून सांगितलं की २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि तो दिवस नेमका आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मंडळी गंभीर झाली. मग मागच्या बाकावरून एक मावशी म्हणाल्या, “म्हंजे च्याला अजून किती टाइम हाय?”

त्याच सभेत मला सेक्रेटरी केलं. आधीचे सेक्रेटरी लातूरला मुलाकडे गेले होते, आणि बँकेतल्या माणसाचं अक्षर बरं असतं असा समज होता.

मी लगेच वर्षाचं वेळापत्रक केलं, रंगीत पेनांनी. पहिला दणका नाताळापूर्वीच. गीतांची शेवटची तालीम मी २३ डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी ठेवली. दहाला मी पेटीसमोर बसलो. साडेदहाला रूळ वाजवला. अकराला पुन्हा वाजवला, तेव्हा एक कुत्रं आलं. बाहेर डोकावलो तर रस्त्यावर माणूस नाही, दुकानांची शटरं खाली. पुण्यात असं फक्त दंगलीत पाहिलेलं. घाबरून पाळकसाहेबांना फोन केला.

“काय करायलाव साहेब?”

“तालीम.”

“आवो, आज येळवस!”

वेळा अमावस्या हा सण लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. आख्खं गाव त्या दिवशी शेतात जातं. ज्याला शेत नाही तो शेत असलेल्याकडे जातो, आणि ओळख नसली तरी पंगतीला बसतो. पाळकसाहेब मला मोटारसायकलवर घेऊन गेले. ज्वारीच्या कडेला अर्धी मंडळी आधीच बसली होती, शेजाऱ्यांच्या कोपीपाशी. पूजा त्या घरच्यांनी केली, आमचे लोक बाजूला उभे. “पूजेचं आमचं नाही,” खजिनदार काका माझ्या कानात म्हणाले, “पण भज्जीचं मात्र हाय.” मग बाजरीचे उंडे, भज्जी आणि मडक्यातलं थंड आंबील. तिसऱ्या पेल्यानंतर मी झाडाखाली आडवा झालो. जाग आली तेव्हा पोरं हुरड्याच्या आगटीभोवती नाताळगीतं म्हणत होती, माझ्या पट्टीपेक्षा दोन स्वर खाली आणि माझ्याशिवाय अतिशय सुरात. वेळापत्रकात मी त्या दिवशी ‘तालीम झाली’ असं लिहिलं. खोटं नव्हतं.

जानेवारीत मी मंडळीचे लेटरहेड छापले. पाचशे. खाली ठसठशीत ‘उस्मानाबाद’. तेव्हा खजिनदार काका म्हणाले होते, शंभर बस झाले. मी त्यांना घाऊक दराचं गणित समजावलं.

२२ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, केंद्राने शहराचं नाव धाराशिव करायला मंजुरी दिली. चारशे सत्त्याऐंशी कागद शिल्लक होते. काकांनी काही बोलून दाखवलं नाही. फक्त एक निळं बॉलपेन माझ्यासमोर ठेवलं.

राखेच्या बुधवारपासून लेंट, म्हणजे उपासकाळ. त्या चाळीस दिवसांत काहीतरी आवडीचं सोडायचं, ही आमच्याकडची रीत. मी चहा सोडला. एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं, पण सेक्रेटरी म्हणून मी सतराही घरांच्या भेटी ठरवल्या होत्या. मराठवाड्यात घरी येऊन चहा नाकारणं म्हणजे भांडायलाच आलोय असं जाहीर करणं. पहिल्या घरात त्यांना वाटलं, मला साखर झाली. दुसऱ्यात वाटलं, कप बरा नव्हता. तिसऱ्या घरच्या मावशींनी कुंथलगिरीचे पेढे पुढे केले. मी गोडही सोडलं आहे म्हणालो. चौथ्या घरी जाईपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती: पुण्याचा साहेब आपल्या हातचं घेत नाही.

नियती कशी चेष्टा करते बघा. १८९० साली आमच्याच पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि पुण्याची बडी माणसं जमली होती. गोपाळराव जोशींनी कोण कोण हजर होतं ती नावं छापून आणली, आणि मिशनऱ्यांचा चहा घेतला की नाही यावरून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. तिथे चहा घेतल्याचा गुन्हा. मी त्याच हौदाचा माणूस, सव्वाशेहून अधिक वर्षांनी, चहा न घेतल्याबद्दल आरोपी. प्रायश्चित्त बायकोने सुचवलं. मी एका रविवारी दुपारी पुन्हा सतराही घरी गेलो आणि सतरा कप प्यालो. (लेंटमध्ये रविवार उपासात धरत नाहीत, हे कलम मला ऐन वेळी आठवलं.) रात्रभर छताच्या पंख्याची पाती मोजत होतो. तीन आहेत.

२ एप्रिलच्या झावळ्यांच्या रविवारी मी झावळ्यांचा आग्रह धरला. या दुष्काळी मुलखात नारळ कुठला? पोरांनी उसाचे वाढे आणले. हिरवेगार, लांब, हातात धरले की थेट यरुशलेम. मी मिरवणूक बसस्टँडच्या रस्त्याने नेली. पहिल्या गल्लीत एक शेळी मागे लागली. दुसरीत पाच. चौथ्या गल्लीत ‘होसान्ना’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘बें’ म्हणणाऱ्यांची संख्या जास्त झाली. चर्चच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या हातात दांडा होता.

ईस्टर बरं गेलं, म्हणजे त्यात माझा हात नव्हता. पावसाळा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. १९०१पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. पावसाच्या प्रार्थनेला मात्र मंडळी पहिल्यांदा रूळ वाजायच्या आधी आली. त्या दिवशी मी रंगांबद्दल काही बोललो नाही.

आणि मग हंगामाचा सण. जे शेतात-परसात पिकलं ते वेदीपुढे आणायचं आणि उपासनेनंतर लिलाव करून पैसे मंडळीला. मी २९ ऑक्टोबर, रविवार ठरवला आणि सोलापूरचे एक पाहुणे बोलावले. आदल्या दिवशी कोजागिरी होती, हे दुधाच्या खाड्यांच्या कालनिर्णयात लिहिलेलं असणार. कोजागिरीला सोलापूरकडून हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात आणि तो रस्ता गाड्यांना बंद असतो. पाहुणे बार्शीवरून फिरून आले, तोवर पोरांची भूक पार मेली होती.

लिलावात आरडाओरडा होतो हे मला पसंत नव्हतं. मी नियम केला: तोंडाने बोली नाही, हात वर केला की बोली वाढली. दुधी, शेवगा, दोन पायल्या सोयाबीन, कोंबडी असं शांतपणे गेलं. शेवटी काळीकुळकुळीत उस्मानाबादी शेळी आली. बोली सात हजारांवर थांबली. पाहुण्यांना वाटलं, झालंच, त्यांनी डोळे मिटून आशीर्वाद सुरू केला, “पिता, पुत्र...”

आता पंचहौदात हे शब्द कानावर पडले की हात आपोआप उठतो. इथे ती सवय एकालाही नाही. कपाळ: साडेसात हजार. छाती: आठ. डावा खांदा: साडेआठ. उजवा: नऊ. स्वतःच्याच बोलीवर मी तीन वेळा चढलो, आणि ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तेव्हा दोरी माझ्या हातात होती.

“थोडक्यात वाचलाव,” मावशी म्हणाल्या. “लांब प्रार्थना असती तर म्हैस झाली असती.”

शेळी घेऊन घरी गेलो. घरच्या मंडळीने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेळीला आत घेतलं.

संध्याकाळी खजिनदार काका पावती द्यायला आले. पावती लेटरहेडवरच होती, ‘उस्मानाबाद’वर काट मारून वर निळ्या पेनाने ‘धाराशिव’. तपशिलात ‘शेळी, नग एक’ लिहून ते अडले.

“जात काय लिहू साहेब? उस्मानाबादी का धाराशिवी?”

मी विचार करत होतो, तेवढ्यात शेळीने मान पुढे करून त्यांच्या हातातला कागद ओढला आणि काट मारलेल्या बाजूने खायला सुरुवात केली. काका खूश झाले. आत कपाटात अजून चारशे एकोणतीस होते.